लांडग्याचा वाटा आणि सरकारचा दाम

भात कापून झाले, खळी उठली, की देशावरचे धनगर आपली मेंढरे घेऊन घाट उतरू लागतात. नागोठण्याहून सुकेळी खिंड ओलांडून खांबला आणि तेथून कोलाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे कळप ज्याने पाहिले नाहीत असा माणूस या भागात विरळाच. पुढे मेंढरे, मागे घोड्यांवर लादलेला संसार, त्यावर कोंबड्या आणि कधीकधी एखादे तान्हे मूल, आणि बाजूने जिभा काढून चालणारी कुत्री. याला धनगर आपला वाडा म्हणतो. येथला शेतकरी त्याला आपल्या खाचरात मेंढरे बसवावयास सांगतो. रात्रभर कळप बसला म्हणजे जमिनीला जे खत मिळते त्याच्या मोबदल्यात धनगराला भात, तांदूळ, अलीकडे रोख पैसाही मिळतो. उन्हाळा तापला, म्हणजे आपल्या व्याख्यानमालांचे मांडव पडतात त्या सुमारास, हे वाडे पुन्हा घाट चढून गेलेले असतात.

या मुक्कामात धनगर रात्री कळपाभोवती दोरीचे जाळे उभे करतो. त्याला वाघर म्हणतात. आपल्या कोकणात त्याला बिबट्याची धास्ती असते. वर देशावर, फलटण, माण, इंदापूर, सोलापूर या माळांवर, लांडग्याची. घाटाखाली एक वैरी, घाटावर दुसरा. या दोघांपैकी कोणीही मेंढरू नेले तर त्याचा दाम कोणी द्यावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता वनखात्याच्या एखाद्या टेबलावरचा किरकोळ विषय वाटेल. तो तसा नाही. गेल्या दोनशे वर्षांत राज्यकर्ता बदलला, कायदा बदलला, आणि प्रत्येक वेळी या प्रश्नाचे उत्तर बदलले. ते कसकसे बदलले हे पाहिले म्हणजे रान कोणाचे आणि रानातला प्राणी कोणाचा, याविषयी राज्यकर्त्यांची समजूत काय होती ते आपोआप कळते.

प्रथम पेशवाईच्या अखेरीचा काळ घेऊ. १८१८ साली पेशव्यांचे राज्य गेल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या चोरीचा बंदोबस्त कसा होई याचे वर्णन आहे. गावचा जागल्या किंवा रामोशी हा चोरीला जबाबदार. चोरी झाली की त्याने माग काढावयाचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावच्या जागल्यावर. माग लागला नाही तर नुकसान भरून देण्याचा बोजा जागल्यावर आणि त्याला न पेलले तर गावावर. म्हणजे नुकसानभरपाई ही कल्पना साहेबाने आणलेली नव्हे; ती आपल्या गावगाड्यात पक्की मुरलेली होती. परंतु ती चोराच्या बाबतीत. बैल माणसाने नेला तर गाव भरून देई. तोच बैल वाघाने नेला तर धनी कपाळाला हात लावून घरी जाई.

हा भेद मला फार बोलका वाटतो. चोर कोणत्या तरी गावचा असतो, त्याला शीव असते. वाघाला शीव नाही, त्याचे गाव कोणते म्हणून धरावयाचे? तेव्हा त्याच्याशी जो व्यवहार करावयाचा तो देवाशी करावा तसाच. कोकणात आणि मावळात वाघजाईची ठाणी ठिकठिकाणी आहेत. वारली समाजात वाघोबाला शेंदूर लावून नैवेद्य दाखवितात. आश्विनातल्या वद्य द्वादशीला, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, महादेव कोळी, ठाकर आणि इतर कित्येक डोंगरी समाजांत वाघबारस पाळली जाते. गाईची पूजा आणि वाघाची आराधना एका तिथीला यावी यात गंमत वाटेल, पण गुराखी माणसाच्या दृष्टीने हे दोन्ही एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतल्या वाघोबाच्या स्थानांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीडशेहून अधिक स्थाने नोंदविली आहेत. शहरे वाढली, लोकलगाडी आली, तरी ती उठलेली नाहीत. ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो’ ही आपली म्हण ठाऊक असूनही लोक वाघोबाच म्हणत राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लांडग्याला मात्र असे देवपण फारसे लाभले नाही. त्याच्या नावाने गोष्टी आहेत, शिव्या आहेत, ‘लांडगेतोड’ हा शब्द आहे. तरीही देशावरचे काही धनगर लांडग्याने नेलेल्या मेंढराला त्याचा वाटा समजतात. कळपातले एखादे जायचेच; ते गेले म्हणून लांडग्याची बिळे उकरीत बसावयाचे नाही. ही भावना सर्वांची नाही, हेही सांगितले पाहिजे. बिळात धूर कोंडून पिले मारल्याची, मेलेल्या मेंढरात विष घालून ठेवल्याची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत. सोसणारा आणि सूड घेणारा असे दोन्ही धनगर एकाच माळावर असतात, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

शास्त्राच्या दफ्तरात आपला लांडगा शिरला तो १८३१ साली. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी जमविणारा अधिकारी दख्खनभर हिंडला होता. त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची जी यादी मांडली तीत या लांडग्याला ‘पॅलिपीस’, म्हणजे फिक्या पायाचा, असे नाव दिले, आणि मराठे याला लांडगा म्हणतात हेही टिपून ठेवले. रानकुत्र्यासाठी त्याने ‘कोळसून’ हा आपला शब्द असाच नोंदविला. भारतभरच्या सखल प्रदेशातल्या लांडग्याचे आजचे शास्त्रीय नाव हे आपल्या माळावरून गेलेले आहे.

पण सरकारची दुसरी यादी याहून पुष्कळ मोठी होती. ती बक्षिसांची. कंपनीच्या अमलापासून हिंस्र श्वापद मारून आणणाऱ्यास सरकारी तिजोरीतून इनाम देण्याची चाल पडली, आणि १८७० नंतर तिला अखिल हिंदुस्थानभर पद्धतशीर रूप आले. मारेकऱ्याने कातडे किंवा शीर कचेरीत आणावे, कारकुनाने मोजावे, रक्कम घेऊन जावे. वाघाचे इनाम मोठे, बिबट्याचे त्याहून कमी, लांडग्याचे बहुधा त्याहूनही कमी. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या नोंदींवरून काढलेला हिशेब प्रसिद्ध आहे: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे इनामासाठी मारले गेले. दोन लाख लांडगे! आज साऱ्या देशात प्रौढ लांडगे सुमारे ३१०० असावेत असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे. त्याच्याशेजारी तो आकडा ठेवून पाहावा.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. इनाम हेही सरकारचे पैसेच होते. परंतु ते ज्याचे मेंढरू गेले त्याला मिळत नसत, ज्याने लांडगा मारला त्याला मिळत. धनगराचे नुकसान ही सरकारच्या लेखी त्या धनगराची बाब नव्हती. ती रयतेच्या सुरक्षिततेची आणि जमीन लागवडीला आणण्याची बाब होती. रान साफ व्हावे, नांगर चालावा, सारा वाढावा. लांडगा त्या कामातला अडथळा. शिवाय जो मेंढपाळ मेंढरांमागे दिवसभर चालतो तो बंदूक घेऊन लांडग्यामागे कोठे धावणार? इनाम नेत ते बहुधा दुसरेच.

याच काळात धनगराच्या दृष्टीने दुसरी घटना घडत होती. १८७८ च्या जंगल कायद्याने रानांची आखणी झाली. कित्येक डोंगर राखीव झाले, चराईला परवाना आणि फी आली. आपल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला जंगलांविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. १९३० च्या सप्टेंबरात चिरनेरला जो जंगल सत्याग्रह झाला, ज्यात गोळीबार होऊन माणसे पडली, त्याचे मूळ याच दुखण्यात होते. म्हणजे रान सरकारचे झाले, त्यातले गवत सरकारचे झाले, लाकूड सरकारचे झाले. रानातला लांडगा तेवढा अजून कोणाचाच नव्हता.

तो सरकारचा झाला १९७२ साली. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, लांडग्याचे नाव आहे. त्याला मारणे हा गुन्हा. याच कायद्याप्रमाणे मारलेला किंवा मेलेला सापडलेला असा वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. आजोबाने लांडगा मारून कचेरीतून पैसे आणले असतील, तर नातवाने तेच केल्यास त्याला तुरुंग. धोरणाची अशी कोलांटी इतिहासात क्वचितच पाहावयास मिळते, आणि ती ज्याच्या अंगावरून गेली त्याला कोणी नीट समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. चित्ता १९५२ साली देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले होते. वाघही त्याच वाटेला लागला होता. संरक्षणाची गरज होतीच. परंतु संरक्षण करावयाचे सरकारने आणि त्याचा खर्च सोसावयाचा मेंढपाळाने, ही वाटणी काही न्यायाची नव्हे. या अडचणीतूनच भरपाईच्या योजना निघाल्या.

महाराष्ट्रात आज वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस आदी प्राण्यांनी पाळीव जनावर मारले तर सरकार पैसे देते. २०२२ च्या ऑगस्टमधील शासन निर्णयाने गाय, बैल, म्हैस यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. आणि मेंढी-शेळीला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, असे दर ठरविले. पुढे २०२३ साली विधिमंडळाने या विषयावर स्वतंत्र कायदाच केला. भरपाई तीस दिवसांत द्यावी, उशीर झाला तर व्याज द्यावे, असे त्यात घातले. शासन निर्णय म्हणजे सरकारची मर्जी, कायदा म्हणजे नागरिकाचा हक्क. हा फरक मोठा आहे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

मग दुखते कोठे? माझ्या मते दुखणे रकमेत नाही, साच्यात आहे. सारी रीत वाघ आणि गाय ही जोडी डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे. वाघाने किंवा बिबट्याने गाय मारली तर ती रानात पडलेली सापडते. मालकाने ४८ तासांत वनाधिकाऱ्यास कळवावे, मढे जागचे हलवू नये, वनरक्षकाने येऊन दात, नखे, पावलांचे ठसे पाहावे, पशुवैद्याने किंमत सांगावी, पंचनामा व्हावा. पूर्वीच्या जागल्याच्या माग काढण्याचाच हा सरकारी अवतार. गावात घर असलेल्या, सात-बारावर नाव असलेल्या, गोठ्यात दोन गाई असलेल्या माणसाला हे जमते. डोंगरमाथ्यावर धनगरवाड्यांत म्हशी राखणाऱ्या गवळी धनगराला उतरून चढून का होईना, पण जमते.

आता माळावरचे मेंढरू घ्या. आपला लांडगा वीस किलोंच्या आसपासचा प्राणी. तो कोकरू तोंडात धरून घेऊन जातो. मागे काय राहते? मढे नाही, रक्ताचे दोन थेंब. रात्री कळप बुजला, वाघर तुटली, मेंढरे अंधारात चहूकडे पळाली, त्यांत चार चेंगरून मेली, दोन सकाळपर्यंत सापडली नाहीत, एक गाभणी गाभटली. यांतले लांडग्याच्या दातांनी मेलेले किती? पंचनाम्यात बसणारे कदाचित एक. शिवाय माळावर मोकाट कुत्र्यांचे कळप आहेत, आणि कुत्र्याने मारलेल्या मेंढराला ही भरपाई नाही. लांडग्याचा ठसा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा यांत फरक ओळखणे जाणत्यालाही अवघड. त्यात २०२३ साली पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. त्या संकराने मेंढरू नेले तर ते कोणत्या रकान्यात लिहावयाचे, याचे उत्तर वनरक्षकाने द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती खोटे बोलण्याच्या निषेधासाठी. जरा उलटी करून पाहिली तर ती पुराव्याची गोष्ट आहे. पोर ओरडले आणि गावाने विश्वास ठेवला नाही, म्हणून मेंढरे गेली. सरकारी कचेरीची भीतीही हीच असते, की उद्या म्हातारी मेंढी मेली तरी लोक लांडग्याचेच नाव सांगतील. ती भीती सर्वस्वी निराधार नाही. इनामाच्या काळात कोल्ह्याचे कातडे कोणते आणि लांडग्याच्या पिलाचे कोणते, हा पेच कारकुनापुढे होताच. परंतु खोटे बोलणारा एक निघेल म्हणून खरे बोलणाऱ्या दहांना परत पाठवावयाचे, हे त्या गोष्टीतल्या गावकऱ्यांचेच धोरण झाले.

हा पेच आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत लांडगा जवळजवळ संपविल्यावर त्याला परत आणण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा तेथील एका वन्यजीव संस्थेने १९८७ साली स्वतःच्या वर्गणीतून भरपाई सुरू केली. लांडग्यानेच मारले असे सिद्ध झाले तर पूर्ण किंमत, तसा दाट संशय असेल तर अर्धी. हा ‘अर्धा संशय’ मला मोठा शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे एकतर हो नाहीतर नाही. १९९५ साली यलोस्टोन उद्यानात लांडगे सोडले गेले. २०१० साली ती योजना बंद झाली तोवर चौदा लाख डॉलरांहून अधिक रक्कम वाटली गेली होती. तरी पशुपालक म्हणत की सापडते त्याहून नाहीसे होते ते अधिक. याचा पडताळा आयडाहो प्रांतातल्या एका अभ्यासाने घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाप्रमाणे लांडग्यांनी मारलेल्या सुमारे आठ वासरांमागे एकाचेच मढे माणसांच्या हाती लागले. झाडीच्या मुलखातले ते मोजमाप आहे, आपल्या उघड्या माळाला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पण वायोमिंग राज्याने त्याचा अर्थ ओळखून काही भागांत असा नियम केला की एक वासरू किंवा मेंढरू सिद्ध झाले तर सातपर्यंतची किंमत द्यावी. कोलोराडोत २०२० साली मतदारांनी लांडगे परत आणण्याचा कौल दिला, २०२३ च्या डिसेंबरात ते सोडले गेले, आणि जनावरामागे पंधरा हजार डॉलरांपर्यंत भरपाईची तरतूद झाली. तेथेही भांडणे चालूच आहेत. पैशाने लांडग्यावरचे प्रेम विकत मिळत नाही.

स्वीडनने मात्र वेगळीच वाट धरली. तेथले सामी लोक रेनडिअर पाळतात, धनगरासारखेच ऋतूप्रमाणे हिंडतात. हिमप्रदेशात मेलेले रेनडिअर शोधीत बसणे अशक्य. म्हणून १९९६ पासून मढी मोजावयाचे सोडून दिले. त्या टापूत लिंक्स आणि व्हॉल्व्हरिन या श्वापदांची किती वेळा वीण झाली ते मोजतात, आणि त्या संख्येवर तेथील समाजाला रक्कम देतात. मेलेल्या जनावराचा दाम नव्हे, जिवंत श्वापदाला सांभाळल्याचा दाम. श्वापद जितके अधिक, तितकी रक्कम अधिक. मग त्याला विष घालण्यात धन्याला लाभ उरत नाही.

आपल्याकडे असे करावयाचे म्हटले तर लांडगे कोठे किती हे आधी ठाऊक पाहिजे, आणि तो अभ्यास अगदीच झालेला नाही असे नव्हे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात लांडग्यांच्या आहाराची पाहणी गेल्या शतकाच्या अखेरीस झाली. पश्चिम महाराष्ट्रासह सुमारे नव्वद हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात लांडगा, तरस आणि बिबट्या कोठे वावरतात याची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यातून हेच दिसले की हे प्राणी राखीव जंगलात नव्हे, तर शेतीच्या आणि चराईच्या जमिनीत, माणसांच्या शेजारी राहतात. ज्या माळाला सरकारी भाषेत पडीक म्हणतात तोच लांडग्याचा आणि धनगराचा मुलूख. तेथे पाट आला, ऊस आला, कारखाने आले, कोठे झाडे लावून माळाचे रान केले. काळवीट आणि चिंकारा हटले, लांडग्याला मेंढरावाचून खाणे उरले नाही. आणि उसात लांडग्याच्या जागी बिबट्या येऊन बसला. जुन्नरकडे त्याचे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

तीस दिवसांच्या कायद्याकडे परत वळू. समजा, पौषात इंदापूरच्या माळावर एका वाड्यातल्या तीन मेंढ्या लांडग्याने मारल्या. धनगराने त्या मढ्यांजवळ थांबावयाचे म्हटले, तर बाकीच्या दोनशे मेंढरांना त्या दिवसाचा चारा कोण देणार? तो थांबला, पंचनामा झाला, अर्ज गेला. अर्जावर गावचा पत्ता त्याचा, घटना दुसऱ्या तालुक्यातली, आणि चार दिवसांनी तो तिसऱ्या. घाट उतरून तो रोह्याच्या बाजूला आला, खाचरात मेंढरे बसवून आहे, तेव्हा काही कागद कमी असल्याचा निरोप त्याच्या गावी जातो. गावात म्हातारी आई आहे, तिला वाचता येत नाही. तो परत जाईल तेव्हा उन्हाळा लागलेला असेल, आणि कचेरीत त्याच्या प्रकरणावर ‘अर्जदार हजर नाही’ असा शेरा पडलेला असेल. कायद्यातले व्याज ज्या दिवसापासून धरावयाचे तो दिवसच अशा प्रकरणात उगवत नाही. म्हणून पुष्कळ धनगर अर्ज करावयाचे सोडून देतात, आणि अर्ज नसल्यामुळे लांडग्याने मेंढरे मारल्याची नोंद सरकारी वहीत थोडी दिसते. ती थोडी दिसते म्हणून पुढच्या वर्षी त्या बाबीला तरतूदही थोडी होते.

आणि गोव्याच्या हमरस्त्यावर रात्री मालमोटारीखाली सापडलेल्या मेंढरांचा हिशेब तर या वहीत येतच नाही. तो कायदा निराळा, ती कचेरी निराळी. खांबच्या परिसरात मुक्कामाला उतरलेल्या वाड्यातला माणूस मात्र रात्री वाघर ठोकताना बिबट्या, मोटार आणि मोकाट कुत्रा या तिघांचाही विचार एकाच वेळी करीत असतो, आणि तीन कुत्री कळपाच्या तीन बाजूंना बांधून चौथ्या बाजूला स्वतः घोंगडी अंथरतो.